निळ्या दोऱ्याच्या फायली

साल्वा गेल्याचं मला कोर्टातच कळलं. मंगळवार होता. मागच्या खोलीत बसून मी जमिनीच्या एका दाव्याची फाइल शिवत होतो. आमचा पहारेकरी बादोंग दारात आला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. हा माणूस जजसाहेब आले तरी टोपी काढत नाही.

"कोण?" मी विचारलं.

"नोंग मेलेस, आपली नांग साल्वा. कालव्याच्या पुलावर. उसाचा ट्रक होता."

सुई फायलीत तशीच अडकवून मी उठलो. पुलावर पोचलो तेव्हा तिच्यावर कुणीतरी तांदळाचं पोतं पांघरलं होतं. तिच्या टोपलीतले मासे रस्त्याकडेला एका ओळीत नीट मांडून ठेवले होते. लोकांना काय करावं सुचत नाही तेव्हा ते असलं काहीतरी करतात. मला आणि साल्वाला मूलबाळ नाही. पोत्याखाली कोण आहे ते बघून हो म्हणणारा मी एकटाच होतो.

सान इरेनेओच्या कोर्टात सदतीस वर्षं मी फायली शिवतो. वयामुळे सगळे मला नोंग म्हणतात; थोरल्या बाईला आमच्याकडे नांग म्हणतात. कॉम्प्युटर आला, झेरॉक्स आलं, पण खटल्याचा प्रत्येक कागद अजून सुईदोऱ्यानेच शिवावा लागतो. टाचणी निघते, पिन गंजते, आणि सुटा झालेला कागद आमच्याकडे हरवतो. कुठला कागद हरवेल हे साधारण आधीच माहीत असतं. शिवलेला कागद काढायचा तर फाडावा लागतो आणि फाडलेलं दिसतं. म्हणून मी.

डोळे मंदावले तेव्हापासून सुया साल्वा ओवायची. रविवारी चर्चहून आली की खिडकीशी बसून वीस-पंचवीस सुयांत पांढरा दोरा घालायची आणि एका जुन्या उशीच्या तुकड्यात खोचून ठेवायची. सोमवारी तो तुकडा खिशात घालून मी कामावर. ती गेली त्या दिवशी तुकड्यात अकरा सुया उरल्या होत्या. त्या मी बाजूला ठेवल्या. पुढे शेजारच्या शाळेतल्या मास्तरणीला गाठून सुया ओवून घेऊ लागलो.

ट्रक कोण चालवत होता हे गावाला त्याच दुपारी माहीत झालं. पोन्सो नावाचा रिक्षावाला ट्रकच्या मागेच होता. त्याने पोलिसांना सांगितलं, लिहून दिलं, अंगठ्याशेजारी सहीही केली. चालवत होता काप गिल्डो. हेर्मेनेगिल्डो बातुइगास, आमच्या शेजारच्या वस्तीचा कपितान, म्हणजे निवडून आलेला मुखिया, म्हणून काप. ड्रायव्हर आजारी होता म्हणून ऊस घेऊन स्वतः निघाला होता, आणि सकाळी साडेनऊ वाजताच प्यालेला होता. थांबला नाही.

खटला दाखल झाला, वॉरंट निघालं. महिन्याभराने ते परत आलं तेव्हा मागे सार्जंट बुएनच्या अक्षरात शेरा होता: दिलेल्या पत्त्यावर इसम आढळला नाही.

दिलेला पत्ता म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यासमोरचं तीन मजली घर. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह आहेत, त्यांना दर सणाला नवा रंग लागतो. गिल्डो रोज संध्याकाळी त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसतो. सार्जंट बुएन त्याच्या धाकट्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता आहे आणि रविवारी त्याच घरी जेवतो. तिथे जेवतो, पण पत्ता त्याला सापडत नाही.

कुणी विचारेल, गिल्डोने जामीन का नाही घेतला. घेतला असता तर दुसऱ्या दिवशी घरी आला असता. पण जामीन घेतला की खटला उभा राहतो, खटला उभा राहिला की पोन्सो बोलतो, आणि पुढच्या निवडणुकीत गिल्डोला नगराध्यक्ष व्हायचं आहे. न सापडणं स्वस्त पडतं.

आरोपी सहा महिने सापडला नाही की फाइल बासनात घालायची, असा नियम आहे. खटला मरत नाही, निजतो. आरोपी सापडेल तेव्हा उठवायचा. सहा महिने आणि एक दिवस झाला तेव्हा आमचे हेडक्लार्क नोनातो, वकिली शिकलेले म्हणून सगळ्यांचे अॅटर्नी, ती फाइल घेऊन मागच्या खोलीत आले. ती त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"नोंग, निळा," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे चालू खटले पांढऱ्या दोऱ्यात शिवतात आणि निजलेले निळ्या. मी साल्वाने ओवलेल्या त्या अकरा सुया काढल्या, पांढऱ्या दोऱ्याच्या, आणि त्यातल्या दोन सुयांनी तिची फाइल उसवून परत शिवली.

नोनातोंनी दुसऱ्या दिवशी बघितलं. "मी निळा म्हटलं होतं."

"निळा संपलाय."

"हे काय, रीळ आहे की इथं."

"ते माझ्यासाठी संपलंय, अॅटर्नी."

त्यांनी फाइल उचलली आणि मांडणीवर स्वतः ठेवली. वाईट माणूस नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

त्याच पावसाळ्यात राजधानीहून डॉक्टर चेली आल्या. वय पस्तीसच्या आसपास, पायात कॅनव्हासचे बूट, सोबत लॅपटॉप. कुठल्याशा समितीने त्यांना काम दिलं होतं: १९५० पासून आजपर्यंत देशाच्या कुठल्या विभागात शंभर खटल्यांमागे किती जणांना शिक्षा झाली, ते काढायचं आणि विभागांची तुलना करायची. त्याचं पुस्तक निघणार, आणि पहिल्या आलेल्या विभागाला ढाल मिळणार.

पहिला आमचा विभाग होता. शंभरात चौऱ्याण्णव. शेवटी दक्षिणेची बेटं, शंभरात एक्केचाळीस. विभागातली सगळ्यात जुनी दफ्तरं आमच्या कोर्टात आहेत, म्हणून बाई आमच्याकडे. नोनातोंनी त्यांना तीनदा कॉफी पाजली.

"एक्केचाळीस," नोनातो म्हणाले. "तिकडे गुन्हेगार पोलिसाशेजारी बसून जेवतो म्हणतात, डॉक्टर."

मी जुन्या वह्या आणून ठेवत होतो. म्हटलं, "आपल्याकडे नुसतं रविवारीच."

नोनातो खोकले. बाईंना काही कळलं नाही. त्या लॅपटॉपवर आलेख बघत होत्या. बोट ठेवून म्हणाल्या, "हे त्र्याऐंशी साल बघा. आधीच्या वर्षी तुमच्या विभागात अडतीस टक्के. पुढच्या वर्षी एकदम नव्वद. एवढी उडी देशात दुसरीकडे कुठंच नाही. काय झालं होतं?"

"नवे जज आले होते," नोनातो म्हणाले. "कडक. शिस्त आली."

"मांडणी आली होती," मी म्हटलं.

"काय आली होती?"

"लाकडी मांडणी. मागच्या खोलीत. सुतार दोन दिवस खपत होता. मी तेव्हा नवीन होतो, त्याला चहा नेऊन द्यायचो."

"नोंग मेलेसना चेष्टेची सवय आहे," नोनातो म्हणाले.

बाई हसल्या आणि पुढच्या वर्षाकडे वळल्या. शिकलेल्या माणसाला बरोबर उत्तर मिळालं आणि ते त्याच्या अपेक्षेतलं नसलं की तो हसतो. हे मी सदतीस वर्षं बघतोय.

पण दोन दिवसांनी त्या मागच्या खोलीत आल्या. साठ सालची एक वही हवी होती. मी ती काढेपर्यंत त्या मांडणीसमोर उभ्या राहिल्या. जमिनीपासून छतापर्यंत निळे दोरे, आणि मधल्या फळीवर एक पांढरा.

"हे चुकून इथं आलं का?"

"नाही. जागा बरोबर आहे. दोरा चुकलाय."

"म्हणजे?"

मी सांगितलं. निळे म्हणजे निजलेले. आरोपी सापडला नाही, किंवा सापडवला नाही. त्र्याऐंशीपर्यंत वर्षाअखेरीच्या मोजणीत हेही धरायचे. मग तेव्हाच्या हेडक्लार्कने मांडणी करून घेतली, निळं रीळ आणवलं आणि आम्हाला सांगितलं, निळं मोजायचं नाही. निकालच लागला नाही तर टक्का कसला काढायचा. वर पत्र गेलं, वरून शाबासकी आली. पुढच्या वर्षापासून आमच्या विभागातल्या सगळ्या कोर्टांत मांडण्या झाल्या.

बाई स्टुलावर बसल्या. "आणि दक्षिणेकडे?"

"तिकडून एखादा खटला आमच्याकडे बदलून आला की मी तो उसवून परत शिवतो. त्यांच्याकडे एकच दोरा. चालू, निजलेले, सगळे पांढऱ्यात. मोजताना सगळे मोजतात."

"म्हणून एक्केचाळीस."

"त्यांना कुणी सुतार भेटला नसेल."

त्या उठून मांडणीपाशी गेल्या. मग पांढऱ्या दोऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा खटला कुणाचा?"

"माझ्या बायकोचा."

त्यांनी सॉरी म्हटलं. मग फाइल मागितली. सगळी वाचली, पोन्सोचा जबाब, नकाशा, सार्जंटचा शेरा. मिटली आणि विचारलं, "हा माणूस कुठं असतो?"

"चालत दहा मिनिटं. सिंह दिसले की थांबायचं."

पुढचे चार दिवस बाईंनी मांडणी मोजली. मी शिडीवर, त्या खाली. अकराशे शेहेचाळीस फायली. विभागातल्या बाकीच्या दोन कोर्टांत फोन करून तिथल्या मांडण्या मोजवून घेतल्या. शेवटच्या दुपारी गणित झालं. निळे धरले तर आमच्या विभागात शंभरात छत्तीस. देशात शेवटचे आम्ही, आणि दक्षिणेची बेटं आमच्या एक फळी वर.

बाईंचे डोळे चमकत होते. "नोंग, हे छापून आलं ना, तर यांना एकेक फाइल उघडावी लागेल. तुमचीसुद्धा."

खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी बाई आवडल्या. घरी जाऊन मी साल्वाच्या फोटोला सांगितलं, तुझी तारीख पडणार. तिला असल्या गोष्टी सांगितल्या की ती म्हणायची, आधी पडू दे, मग सांग. तिचंच खरं होतं.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. समितीने सांगितलं, व्याख्या एकदा ठरली की मध्येच बदलता येत नाही. बदलली तर सत्तर वर्षांचे आकडे परत काढावे लागतील. आणि ढाल आधीच करायला टाकली आहे.

"मग?"

"मी तळटीप देणार आहे, नोंग. चौथ्या पानावर."

"तळटीप म्हणजे?"

"पानाच्या खाली, बारीक अक्षरात."

"बाई, माझे डोळे मंद आहेत."

बाईंनी हळूच फोन ठेवला. त्यांना वाईट वाटलं असावं. वाईट वाटायला यांना कॉलेजात वेगळं शिकवत असतील.

ढाल द्यायला खात्याचे मोठे साहेब आले. कोर्टाच्या फाटकावर फ्लेक्स लागला: सर्वाधिक शिक्षा, सर्वाधिक न्याय. मध्ये जजसाहेब, आणि खाली हार्दिक अभिनंदन करणाऱ्यांचे गोल गोल चेहरे. उजवीकडून तिसरा चेहरा काप गिल्डोचा. तव्यासारखा पसरलेला. जेवणाची दोन अख्खी भाजलेली डुकरं त्याच्याकडून होती.

मला वाटलं होतं, डुकरं पाठवेल, स्वतः यायचा नाही. माझा त्याच्याविषयीचा अंदाज फार चांगला होता. पांढरा कडक शर्ट घालून तो फाटकातून आला. आणि आमच्याकडे फाटकातून आत येणारा जे करतो तेच त्याने केलं. बादोंगच्या टेबलावरची वही पुढे ओढली आणि लिहिलं.

ही वही आमच्याकडे कोर्टात, शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे असते. बिशपही लिहितात. हाताला इतकी सवय असते की डोक्याला कळत नाही. गिल्डोने सुवाच्य अक्षरात लिहिलं. पूर्ण नाव. पूर्ण पत्ता, आखाड्यासमोर, सान इरेनेओ. कुणाला भेटायचं: जजसाहेब. कारण: अभिनंदन. आत आल्याची वेळ अकरा वीस. आणि झोकदार सही.

आत तो तिसऱ्या रांगेत बसला. शेजारी सार्जंट बुएन, डुकराची कुरकुरीत साल चावत. पुढे जज ढाल घेत होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मी ताटं उचलत फिरत होतो. गिल्डोने मला बघितलं आणि जागेवरून अर्धा उठला, मोठं माणूस आल्यावर उठतात तसा.

"नोंग मेलेस. घेतलं का तुम्ही? पाठीकडचं घ्या, पाठीकडचं चांगलं झालंय."

"काप, तुम्ही सापडत नाही म्हणतात."

तो हसला. "कामं असतात हो, नोंग. एक पाय इथं, एक तिथं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नांग साल्वा फार चांगली बाई होती. मी चर्चमध्ये मिस्सा म्हणवलीय तिच्या आत्म्यासाठी."

"कधी?"

"अं?"

"कुठल्या दिवशी? मी गेलो असतो."

सार्जंट म्हणाला, "नोंग, आज आनंदाचा दिवस आहे. ते ताट घेऊन जा की."

मी ताट घेऊन गेलो. अडीच वाजता गिल्डो गेला, तेव्हा जाण्याची वेळही त्याने वहीत लिहिली. माणूस पद्धतशीर आहे.

दुसऱ्या दिवशी बादोंगने मला वहीच्या त्या पानाची झेरॉक्स दिली. मी मागितली नव्हती. घडी करून माझ्या डब्याखाली ठेवली होती आणि टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर बघत बसला होता. मी ती घेऊन सरकारी वकिलाकडे गेलो. वकीलबाईंनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "फरारी माणूस कोर्टाच्याच वहीत सही करून गेला?"

"पत्त्यासकट."

खटला उठवावा असा अर्ज त्यांनी त्याच दुपारी लिहिला. अर्जाला झेरॉक्स जोडली. मी सगळं शिवलं.

अर्ज आला तसे नोनातो मागच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"नोंग, बसा. मी तुमचा शत्रू नाही."

"माहीत आहे."

"मग जरा विचार करा. खटला आता निजलाय म्हणजे त्याला कुणी हात लावू शकत नाही. उठवला आणि समजा पोन्सो फिरला, आरोपी सुटला, मग? नांग साल्वाचा खटला हरला असं कायमचं कागदावर येणार. तुम्हाला चालेल? शिवाय तो मोजला जाणार. चौऱ्याण्णवचे त्र्याण्णव होतील."

"एका खटल्याने?"

"एकाचं बघून दुसरा येतो. अकराशे आहेत तिथं." त्यांनी मांडणीकडे हात केला. "तुमची पेन्शन दोन वर्षांवर आली. शांतपणे जा. ढाल आपल्या सगळ्यांची आहे."

"अॅटर्नी, तुमच्या घरचं कुणी आहे का या मांडणीवर?"

"नाही, देवदयेने."

"म्हणून ढाल तुमची आहे."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "साल्वानं तुम्हाला असं बोलू दिलं नसतं."

हे मात्र चूक होतं. साल्वा माझ्यापेक्षा वाईट बोलायची. माझ्यासारखी सुई टोचून थांबायची नाही, दोरा ओढायची.

जजसाहेबांना दुसरा इलाज नव्हता. वही त्यांच्याच कोर्टाची, भेटायला आलेला त्यांनाच, आणि वकीलबाईंनी अर्जाची एक प्रत वर पाठवलेली. अकरा दिवस लावून त्यांनी सही केली. खटला मांडणीवरून खाली आला. नवीन वॉरंट निघालं, त्यावर तोच पत्ता.

वॉरंट चौकीत पोचल्यावर मी चौथ्या दिवशी गेलो. सार्जंट बुएनच्या टेबलावर ते चहाच्या कपाखाली होतं.

"काम चालू आहे, नोंग."

"कुठपर्यंत आलं?"

"शोध घेतोय."

"वहीत पत्ता आहे, सार्ज. त्याच्याच अक्षरात."

"वहीत माणूस आत आल्याची वेळ आहे तशी बाहेर गेल्याचीही आहे ना? अडीच वाजता गेला. गेला म्हणजे तिथं नाही."

"कोर्टात नाही. घरी आहे."

"असं तुम्ही म्हणता. मी पोलीस आहे, मला पुरावा लागतो."

"चला, मी दाखवतो. दहा मिनिटं."

"आत्ता?" त्याने घड्याळ बघितलं. "आत्ता जेवायची वेळ आहे."

कुठे जेवायला, ते मी विचारलं नाही. पोलिसाच्या तोंडून खरं उत्तर निघालं असतं तर मलाच लाज वाटली असती.

वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखांना पत्र लिहिलं. प्रमुखांनी ते खाली पाठवलं, योग्य कार्यवाहीसाठी, सार्जंट बुएनकडे. पोन्सोला मी आठवड्यातून एकदा भेटतो. त्याच्या रिक्षात बसतो, काही विचारत नाही. मागच्या वेळी तोच म्हणाला, "नोंग, मी बघितलं ते बघितलं. पण लवकर करा. त्या बाजूचे लोक दोनदा माझ्या बायकोशी गोड बोलून गेले."

डॉक्टर चेलींचं पुस्तक आलं. नोनातोंनी ते कोर्टाच्या काचेच्या कपाटात ढालीशेजारी ठेवलंय. मी वकीलबाईंकडून भिंग आणून चौथं पान बघितलं. तळटीप आहे. तिच्यात लिहिलंय की काही विभागांत प्रलंबित खटल्यांच्या नोंदीच्या पद्धती वेगळ्या असू शकतात. शकतात. दक्षिणेची बेटं शेवटच्या ओळीत आहेत.

सहा महिन्यांची मोजणी नव्याने सुरू झाली. त्यातले चार महिने आणि नऊ दिवस गेले. बाकीचे गेले की फाइल परत माझ्याकडे येणार, आणि कुणीतरी टेबलाच्या कडेवर ठेवून निळा म्हणणार. रोज डबा खाल्ला की मी चौकीत जातो. वॉरंट आता कपाखाली नाही, खणात आहे.

गिल्डोला अटक झालेली नाही. पोन्सोची साक्ष झालेली नाही. साल्वाच्या खटल्याची पहिली तारीख पडायची आहे.